एमडीएसची खुर्ची घ्यावी का, आणि घेतली तर पुढे कुठे?

ओहायोतल्या एका नर्सिंग होममधल्या (अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे मुख्यतः वृद्धांचं, नर्सिंगची सोय असलेलं निवासी केंद्र) एका ताईंकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग मुंबईत काही वर्षं हॉस्पिटल, एनसीएलईएक्स ही अमेरिकेतली नर्सच्या लायसन्सची परीक्षा, आणि आता ग्रीन कार्डावर तिथे तीन ते अकराची शिफ्ट. डीओएन, म्हणजे तिथल्या नर्सिंगच्या प्रमुख, म्हणाल्या की एमडीएसला, म्हणजे तिथे राहणाऱ्यांच्या सक्तीच्या तपासणीच्या नोंदी भरायच्या कामाला, माणूस कमी आहे, येतेस का? पगारात फारसा फरक नाही, वेळ मात्र सकाळी आठ ते साडेचार. ताईंना चार गोष्टी विचारायच्या आहेत: हो म्हणावं का, कुठलं सर्टिफिकेट करावं, जीएनएम आडवं येईल का, आणि या वाटेनं माणूस वर जातो की कागदांत रुतून बसतो?

हो म्हणा. फक्त पाय दुखतात म्हणून म्हणू नका. पायांना आराम मिळेल, डोक्याला मिळणार नाही. माझी अमेरिकेतली बहुतेक नोकरी याच कामात गेली, आधी न्यू जर्सीतल्या एका होममध्ये आणि नंतर बऱ्याच होम्सचं काम एकत्र बघत. जी नर्स फ्लोअरला, म्हणजे वॉर्डातल्या कामाला, वैतागून एमडीएसच्या खोलीत येते ती खोलीलाही लवकरच वैतागते. टिकते ती, जिला चार्ट वाचताना ‘अरे, हे असं कसं?’ हा प्रश्न आपोआप पडतो.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९८६ साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं नर्सिंग होम्सच्या अवस्थेवर कडक अहवाल दिला. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीला बांधून ठेवणं, गुंगीची औषधं देऊन गप्प करणं तेव्हा सर्रास चालायचं. पुढच्याच वर्षी, १९८७ च्या ओब्रा कायद्यानं ठरवलं की मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यांचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमनं प्रत्येक रेसिडेंटची, म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाची, एकाच ठरीव नमुन्यात तपासणी करायची. तो नमुना म्हणजे एमडीएस. स्मरणशक्ती, मन:स्थिती, चालणं-उठणं, खाणं, लघवी-शौच, त्वचा, पडणं, औषधं, दुखणं, सगळं त्यात येतं. त्यावरून काळजीचे २० विषय तपासायचे, त्यांना सीएए म्हणतात, आणि त्यातून केअर प्लॅन उभा करायचा. सध्याची ३.० आवृत्ती ऑक्टोबर २०१० पासून आहे आणि बहुतेक वर्षी ऑक्टोबरला तिच्यात काहीतरी बदलतं. म्हणून सप्टेंबर महिना आमच्या धंद्यात कुणाच्याच सुट्टीचा नसतो.

आपल्याकडच्या वृद्धाश्रमांत असं सक्तीचं, देशभर एकाच नमुन्याचं काही नाही. त्यामुळे मराठी नर्सला हे काम पहिल्यांदा निव्वळ कारकुनी वाटतं. मलाही कुणी सुरुवातीला ‘कॉम्प्युटरवर टिकमार्क करायचे असतात’ एवढंच सांगितलं होतं. टिकमार्क असतातच. पण प्रत्येक टिकमार्कच्या मागे पुरावा लागतो आणि तो पुरावा शोधायला नर्सचीच नजर लागते. या कामात वर चढायचं असेल तर माझ्या मते हीच एक गोष्ट शिकायची आहे: आपण लिहिलेलं दोन वर्षांनी ऑडिटरसमोर उभं राहील का? सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं.

उदाहरणं देते, म्हणजे कामाचा पोत कळेल.

पडण्याचं बघा. रेसिडेंट बाथरूममध्ये घसरत होते, सीएनएनं, म्हणजे नर्सिंग सहायकानं, वेळेत धरलं आणि हळूच कमोडवर टेकवलं. काही लागलं नाही. फ्लोअरवरच्या दहापैकी नऊ जणी म्हणतील, पडलेच नाहीत. आरएआय मॅन्युअल, म्हणजे एमडीएस कसा भरायचा ते सांगणारं सरकारी पुस्तक, म्हणतं, धरलं नसतं तर पडले असते ना? मग तो पडण्याचाच प्रसंग. तेच जर थेरपिस्ट मुद्दाम तोल घालवून सराव करून घेत असेल आणि रेसिडेंट सावरत असेल, तर तो प्रसंग मोजायचा नाही. आता तुम्ही प्रसंग नोंदवला, पण नर्सच्या नोंदींत तो कुठेच नाही, इन्सिडेंट रिपोर्ट नाही, तर? तेव्हा कोडिंग, म्हणजे एमडीएसमध्ये उत्तरं भरणं, थांबवून फ्लोअरवर जायचं, त्या सीएनएशी बोलायचं, चार्ज नर्सकडून झाल्या प्रसंगाची उशिराची नोंद म्हणून रीतसर तारीख घालून लिहून घ्यायची.

बेडसोअरचं तर आणखी नाजूक. हॉस्पिटलमधून येताना माकडहाडावर दुसऱ्या टप्प्याची जखम होती आणि तुमच्याकडे ती तिसऱ्यात गेली, तर ती तिसऱ्या टप्प्याची जखम ‘येतानाच होती’ असं लिहिता येत नाही, ती तुमच्या नावावर. उलट चौथ्या टप्प्याची जखम भरत आली, वरवर तिसऱ्यासारखी दिसायला लागली, तरी ती बंद होईपर्यंत चौथीच लिहायची, टप्पा मागे नेता येत नाही. म्हणून रेसिडेंट दारातून आत आल्या आल्या पाठ वळवून बघणारी नर्स आमच्यासाठी सोन्याची. ‘उद्या सकाळी बघते’ म्हणणारीमुळे पुढचे तीन महिने होमच्या गुणांकनात ती जखम मिरवावी लागते.

आता सगळ्यांत जास्त भांडणं होतात ते जीजी सेक्शनवर. रेसिडेंट स्वतः किती करतो, त्याला किती मदत लागते याचे ०६ ते ०१ असे आकडे: ०६ म्हणजे कुणाची मदत नको, ०१ म्हणजे सगळं दुसऱ्यानं करायचं किंवा दोन माणसं लागतात. भरतीनंतरच्या पहिल्या तीन दिवसांतली ‘नेहमीची’ अवस्था लिहायची असते, सगळ्यांत चांगली नाही आणि सगळ्यांत वाईटही नाही. समजा, थेरपिस्टनं सकाळी दहाला लिहिलं की टॉयलेटवर बसताना आजोबांना नुसता आधाराचा हात पुरला, म्हणजे ०४. रात्रीच्या सीएनएनं लिहिलं, दोघींनी मिळून बसवलं, म्हणजे ०१. मधला ०२ किंवा ०३ टाकून मोकळं व्हायचा मोह इथे होतो. तसं करू नका. पहाटे साडेसहाला, नाश्त्याच्या आधी, त्या खोलीत जा. आजोबा उठताना बघा. सीएनएला विचारा, रात्री एवढं काय होतं? ती म्हणते, ‘झोपेची गोळी दिल्यावर त्यांचे पाय टेकतच नाहीत.’ आता हे प्रकरण नुसतं जीजीचं राहिलं नाही. डॉक्टरांना गोळीबद्दल फोन, पडण्याच्या जोखमीचा केअर प्लॅन, रात्री टॉयलेटला नेण्याची वेळ बदलणं, हे सगळं त्या एका विसंगतीतून निघालं. आकडाही आता ठामपणे टाकता येतो, कारण तीन दिवसांत काय जास्त वेळा घडलं ते तुम्हाला माहीत आहे.

रेसिडेंटच्या मुलाखतींचा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो. बिम्स म्हणून स्मरणशक्तीची छोटी चाचणी असते, तीन शब्द सांगायचे, साल-महिना-वार विचारायचा, पुन्हा तेच शब्द आठवायला सांगायचे. एकूण १५ गुण. १३ ते १५ ठीक, ८ ते १२ मध्यम, ७ आणि खाली म्हणजे गंभीर घट. पाच मिनिटांचं काम आहे आणि म्हणूनच ते वाईट केलं जातं. टीव्ही चालू, श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये, दुपारच्या झोपेतून उठवलेलं. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास गुजराती, मराठी, पंजाबी आजी-आजोबा बरेच असतात. त्यांची चाचणी इंग्रजीत उरकली की चांगल्या खणखणीत बाईला स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो. रेसिडेंटला कुठली भाषा हवी, दुभाषा लागतो का, हा प्रश्न एमडीएसमध्येच सुरुवातीला आहे. तो प्रामाणिकपणे भरला तर फोनवरचा दुभाषा लावणं ओघानंच येतं. आणि मुलाखती एआरडीच्या मुदतीतच व्हायला हव्यात. एआरडी म्हणजे तपासणीचा शेवटचा दिवस. त्याच्या मागचे सात दिवस साधारणपणे मोजले जातात. तो दिवस गेला की मागची तारीख घालून मुलाखत घेता येत नाही.

तारखा पाठ झाल्याच पाहिजेत. भरतीपासून चौदाव्या दिवसापर्यंत पहिली पूर्ण तपासणी, मग दर ९२ दिवसांच्या आत तिमाही, वर्षाला एकदा पुन्हा पूर्ण, मध्येच तब्येतीत मोठा फरक पडला किंवा हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरची काळजी, घेतलं तर १४ दिवसांत वेगळी. मेडिकेअरवर आलेल्यांची ‘पाच-दिवसांची’ म्हणतात ती तपासणी, तिची एआरडी पहिल्या ते आठव्या दिवसात. केअर प्लॅनचा प्राथमिक आराखडा मात्र ४८ तासांतच. हे कॅलेंडर सॉफ्टवेअर दाखवतं, तरी आपली एक साधी वही ठेवा. मी अजून ठेवते.

आता पैशाकडे येते, कारण तुमची किंमत त्यानं ठरते आणि अडचणही त्यानंच होते. १ ऑक्टोबर २०१९ पर्यंत मेडिकेअर नर्सिंग होमला मुख्यतः थेरपीची मिनिटं मोजून पैसे देत असे. मग पीडीपीएम ही नवी दरपद्धत आली आणि रेसिडेंट किती आजारी आहे त्यावर पैसे ठरायला लागले. पीटी (फिजिओथेरपी), ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी, नर्सिंग आणि औषधं-साहित्य हे पाच भाग, त्या प्रत्येकाचा दर एमडीएसमधल्या उत्तरांवरून निघतो. औषधं-साहित्याच्या भागात आजारांना गुण आहेत: मधुमेहाला २, फुप्फुसाच्या जुनाट आजाराला २, तुमच्याकडे शिरेतून औषध दिलं तर ५. हा भाग पहिले तीन दिवस तिप्पट दरानं मिळतो. म्हणजे डिस्चार्ज पेपरांच्या चाळिसाव्या पानावर डॉक्टरांनी लिहिलेला जुनाट आजार कुणी वाचलाच नाही, तर होमचे हक्काचे पैसे बुडतात आणि रेसिडेंटची काळजीही अर्धवट राहते. या बदलानंतर थेरपी मॅनेजरइतकीच एमडीएस नर्सही मालकांच्या तोंडी यायला लागली.

आणि तिथेच दबाव येतो. ‘डिप्रेशनचे गुण थोडे वर येतात का बघ.’ ‘आयव्ही हॉस्पिटलात दिली होती ना, टाक की.’ तुमच्याकडे रेसिडेंट असताना दिलेलीच शिरेतली औषधं त्या पाच गुणांत धरतात, हॉस्पिटलातली नाहीत. ‘एका खोलीत आयसोलेशन होतं म्हण.’ तिथे अट अशी की सक्रिय संसर्ग हवा, खोलीत रेसिडेंट एकटा हवा, आणि थेरपीपासून जेवणापर्यंत सगळं त्याच खोलीत झालेलं हवं. दोन रुग्ण शेजारी-शेजारी ठेवले तर ते चालत नाही. एका होममध्ये, नाव घेत नाही, दर सोमवारच्या बैठकीत मला अशी यादीच मिळायची. मी एकच उत्तर द्यायचे: चार्टमध्ये कुठे आहे ते दाखवा, आत्ता कोड करते. काही वेळा ते खरंच दाखवायचे आणि मी करायचे. बाकी वेळा विषय संपायचा. हे वाक्य पाठ करा, त्यात कुणाचा अपमान नाही आणि तुमचं लायसन्स शाबूत राहतं.

कारण कायदा सहीच्या मागे उभा आहे. ज्यानं जो भाग भरला त्यानं त्याचीच सही झेड सेक्शनमध्ये करायची. शेवटी आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, सही करते ती तपासणी पूर्ण झाली याची, दुसऱ्यांनी भरलेला भाग बरोबर आहे याची हमी ती देत नसते. जाणूनबुजून खोटं प्रमाणित करणाऱ्याला प्रत्येक तपासणीमागे दंड आहे, नियमात मूळ रक्कम १,००० डॉलर. दुसऱ्याला तसं करायला लावणाऱ्याला ५,०००. महागाईनुसार या रकमा वाढवल्या जातात. यात स्किझोफ्रेनियाचा विषय वेगळा सांगायला हवा. अँटिसायकॉटिक औषधं किती जणांना दिली जातात याच्या गुणांकनातून हा आजार असलेले रेसिडेंट वगळले जातात, म्हणून काही ठिकाणी ऐंशी वर्षांच्या माणसाला अचानक हा आजार ‘होऊ’ लागला. जानेवारी २०२३ मध्ये मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या सरकारी संस्थेनं यावर ऑडिट जाहीर केलं, आणि चुकीचं कोडिंग सापडलं की गुणांकनातले होमचे तारे खाली येतात. नव्या नोकरीत गेल्यावर मी पहिल्यांदा हीच यादी काढून बघते. मालकाची नियत तिथे कळते.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. एएपीएसीएन या संस्थेचं आरएसी-सीटी हे या क्षेत्रात सर्वमान्य, दहा अभ्यासक्रम आणि परीक्षा, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. नोकरीच्या जाहिरातीत ते मागतात, आणि मिळवायलाच हवं. पण खुर्चीत बसण्याआधी स्वतःच्या खिशातून पैसे घालून करू नका. काम न करता घेतलेले ते तास डोक्यावरून जातात. आधी सीएमएसच्या साइटवर फुकट मिळणारं आरएआय मॅन्युअल घ्या, त्यातला तिसरा अध्याय, रोज एक सेक्शन, समोर एक खरा चार्ट ठेवून. सहाएक महिन्यांनी होमला सांगा, फी तुम्ही भरा. बरेच जण भरतात. आणि एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही: प्रत्येक राज्यात सरकारी आरएआय समन्वयक असतो, मॅन्युअलच्या परिशिष्टात नंबर आहे. अडलं की फोन करा. त्या लोकांना प्रश्न विचारलेले आवडतात, आणि त्यांचं उत्तर तारखेसह लिहून ठेवलं की ऑडिटला कामी येतं.

जीएनएम आडवं येत नाही. इथे सहीचा अधिकार आरएनच्या लायसन्सवर आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. एलपीएन, म्हणजे आरएनच्या खालच्या लायसन्सवरच्या, मैत्रिणीही एमडीएसचं काम करतात, काही माझ्यापेक्षा उत्तम करतात, पण शेवटच्या सहीला त्यांना आरएन शोधावी लागते. मात्र एका होमच्या बाहेर पाऊल टाकलं की बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, मागायला लागतात. आठ ते साडेचारची वेळ मिळते आहे, तर संध्याकाळी ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन सुरू करायला यासारखी संधी नाही. मुलं लहान असतील तर एकेक विषय घ्या.

वाट पुढे कुठे जाते? पहिला टप्पा कोऑर्डिनेटर, म्हणजे पूर्ण होमचं कॅलेंडर आणि सह्या. तिथून दोन फाटे फुटतात. एक पैशाच्या अंगानं: आठ-दहा होम्स बघणारी रीजनल, मग कंपनीची क्लिनिकल रीइम्बर्समेंट प्रमुख, किंवा स्वतंत्र ऑडिटर. दुसरा गुणवत्तेच्या अंगानं: क्यूएपीआयच्या, म्हणजे गुणवत्ता सुधारण्याच्या, बैठकीत आकडे मांडणारी, मग सहायक डीओएन, डीओएन, आणि लायसन्स काढलं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही. मला स्वतःला दुसरा फाटा जास्त मोलाचा वाटतो. एमडीएसमधून आलेल्या डीओएनला सर्व्हेच्या, म्हणजे होमच्या सरकारी पाहणीच्या, दिवशी घाम फुटत नाही, कारण सर्व्हेअर जे आकडे घेऊन येतात ते तिनंच पाठवलेले असतात. राज्याच्या आरोग्य खात्यात सर्व्हेअर होणं हाही चांगला पर्याय आहे, पगार कमी पण सरकारी सुट्ट्या. इन्शुरन्स कंपन्यांत केस मॅनेजर, पॉइंटक्लिककेअरसारख्या सॉफ्टवेअर कंपन्यांत प्रशिक्षक, हेही आहेच.

घरबसल्या एमडीएसच्या जाहिराती कोविडनंतर भरपूर दिसतात. पहिली दोन-तीन वर्षं त्यांच्या वाटेला जाऊ नका. पहाटे साडेसहाला आजोबांना उठताना बघणं घरून होत नाही, आणि ज्या नर्सनं ते कधी बघितलंच नाही तिचं कोडिंग फक्त दुसऱ्याच्या चुका नीटनेटक्या करून पाठवतं. अनुभव झाल्यावर घरून काम करा, तेव्हा कुणाला कोणता प्रश्न विचारायचा ते तुम्हाला कळतं.

कॅनडा किंवा न्यूझीलंडमध्ये असलेल्यांसाठी एवढंच: तिथे याच घराण्यातल्या इंटरआरएआय तपासण्या चालतात, न्यूझीलंडमध्ये तर वृद्धांच्या निवासी केंद्रांत २०१५ पासून सक्तीच्या आहेत. मेडिकेअरचा पैशाचा भाग सोडला तर इथली नजर तिथेही चालते.

आता डीओएनला हो म्हणायच्या आधी काय विचारायचं ते. किती खाटांना किती एमडीएस नर्स? महिन्याला मेडिकेअरच्या किती भरत्या? साठ लांब मुक्कामाचे रेसिडेंट आणि साठ येणारे-जाणारे ही दोन वेगळी कामं आहेत. शिकवणार कोण, आणि ती व्यक्ती नोकरी सोडायच्या बेतात तर नाही ना? हे ‘माणूस कमी आहे’ प्रकरण कशामुळे झालं ते शिपाई-सफाईवाल्यांना विचारा, ते खरं सांगतात. पगार तासावर की महिन्यावर? महिन्यावर असेल तर ओव्हरटाइम गेला, संध्याकाळच्या शिफ्टचा भत्ताही गेला. हिशेब करा, बरेचदा हातात कमीच येतात. भरती करून आणणाऱ्या एजन्सीचा करार अजून चालू असेल तर त्यात कामाचं नाव काय लिहिलंय ते वकिलाला दाखवूनच जागा बदला.

आणि शेवटचा प्रश्न, जो सगळ्या जणी विचारायला लाजतात: फ्लोअरवर माणूस कमी पडला की मला ओढणार का? ‘कधी कधी’ असं उत्तर आलं तर महिन्यातून जास्तीत जास्त किती वेळा ते लिहून घ्या, कारण ज्या दिवशी तुम्ही औषधांची गाडी ढकलत असाल त्या दिवशीही कुणाची तरी एआरडी असणारच आहे.